पंचांगात नसलेलं ग्रहण

आमच्या घराच्या मधल्या खोलीला खिडकी नव्हती. पुढच्या खोलीत आल्यागेल्याची बसाउठायची सोय, मागच्या खोलीत चूल, आणि मध्ये ही खोली: बाजरीची पोती, बियाण्याचे डबे, दादाच्या लग्नात आलेली भांडी आणि एक लोखंडी पेटी. वरच्या पत्र्याला खिळ्यांची दोन भोकं पडली होती. दुपारी त्यांतून उन्हाचे दोन ठिपके जमिनीवर पडायचे आणि हळूहळू सरकत पोत्यांवर चढायचे. त्या खोलीत माझी वहिनी पाच दिवस बसली होती. ती माझ्यामुळे बसली होती, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आई-अण्णा गेले, दादाही गेला. वहिनी आहे, पण तिला ते आधीपासूनच ठाऊक आहे.

आमचं गाव खोडदपासून चालत तासाभरावर. तेव्हा खोडदच्या रानात दुर्बिणीचं काम चाललं होतं. दुर्बीण म्हटल्यावर आम्हाला वाटलं होतं, एखादी लांबलचक नळी असेल आणि साहेब लोक तिला डोळा लावून बसतील. प्रत्यक्षात उभे राहिले ते सिमेंटचे जाडजूड बुरूज आणि त्यांवर तारांच्या जाळीच्या टोपल्या, एकेक टोपली अख्ख्या खळ्याएवढी. ती दुर्बीण बघत नाही, ऐकते, असं दादा सांगायचा. दादा तिथे जाळी ताणायच्या कामावर होता. संध्याकाळी तो घरी यायचा तेव्हा त्याच्या खिशात तारेचे तुकडे आणि डब्याच्या पिशवीत ऑफिसातलं आदल्या दिवसाचं वर्तमानपत्र असायचं. ते मी सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवायची. घरात नीट वाचणारी मी एकटीच, म्हणजे असं मला वाटायचं. मी दहावीला होते, आणि दहावीला असलेल्या मुलीइतकं शहाणं जगात कुणी नसतं.

वहिनीही दहावीचीच. फरक एवढा की ती लग्नाआधी दहावीला बसून गणितात नापास झाली होती, एकदा नव्हे, दोनदा. बाकीचे विषय सुटले होते, गणित तेवढं राहिलं होतं. गावात बालवाडी निघणार होती आणि बाईला दहावी पासची अट होती. सरपंचांनी अण्णांना सांगितलं, जूनपर्यंत सूनबाईंचा कागद आणा, जागा तुमची. अण्णा तसे कमी बोलणारे. ते म्हणाले, "एकदा बसू द्या पोरीला. पर ही शेवटची बारी." तेवढ्यावर वहिनीनं फॉर्म भरला. मग आम्ही दोघी नणंद-भावजया रोज गणितं करायचो. ती भाकरी थापता थापता समीकरणं सोडवायची. पिठाच्या हातानं परातीत 'क्ष' काढायची आणि तोच परत मळून टाकायची. माणसांसमोर ती मला वन्सं म्हणायची, दोघीच असलो की मंदे. पौषात तिला दिवस राहिल्याचं कळलं, तेव्हा आईनं नारळ फोडला आणि लगेच विचारलं, परीक्षा कधी हाय? तिनं परीक्षेला नको म्हटलं नाही, हे मला इथे मुद्दाम लिहायचं आहे. आईला दुष्ट ठरवून ही गोष्ट सांगणं सोपं आहे, पण ते खोटं होईल.

आता माझ्या ओठाबद्दल सांगायला हवं. मी जन्मले ती वरचा ओठ दुभंगलेला घेऊन. लहानपणी पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात तो शिवला, पण शिवण दिसते ती दिसतेच. मी पोटात असताना ग्रहण लागलं होतं. आईची सासू गावाला गेलेली, घरात सांगणारं कुणी नाही, आणि आईनं चुलीपुढे बसून वांगं चिरलं. एकच वांगं, ती सांगायची, भरल्या वांग्याला देठ ठेवून चार चिरा दिल्या तेवढ्याच. मी जन्मले आणि सुइणीनं मला उचलून उजेडाकडे धरलं, तेव्हा आईला म्हणे पहिलं ते वांगंच आठवलं. तिच्या लेखी हे गणित सुटलेलं होतं. मी नोकरीत आरोग्यसेविका म्हणून आंबेगावच्या वाड्या-वस्त्या तीस वर्षं फिरले आणि शेकडो बायांना सांगितलं की, बायांनो, ग्रहणानं ओठ फाटत नाही. त्या हो हो म्हणायच्या आणि माझ्या ओठाकडे बघायच्या. हसू यायचं, आणि रागही यायचा.

तर तो शनिवार होता. कांदा काढणी चालू होती. शेतात बायांच्या रांगा बसल्या होत्या, विळ्यांनी पात कापल्याचा कचकच आवाज दिवसभर घरापर्यंत यायचा आणि साऱ्या आळीला ओल्या कांद्याचा वास होता. वहिनीला पाचवा महिना लागलेला, तिला आईनं शेतात जाऊ दिलं नव्हतं. मंगळवारी आम्हा दोघींचा गणिताचा पेपर. दादा दुपारीच घरी आला, त्याच्याकडे त्या दिवसाचंच वर्तमानपत्र होतं, आणि तो म्हणाला, साहेब लोक आज लई गडबडीत आहेत, सूर्याचं कायतरी झालंय. मी कागद उघडला. आतल्या पानावर बातमी होती. सूर्यावर मोठा स्फोट झाला आहे. त्यातून उसळलेला तप्त वायूचा लोट पृथ्वीच्या दिशेनं निघाला असून तो दोन दिवसांत येऊन थडकेल. रेडिओ खरखरतील, होकायंत्राचे काटे चळतील, लांबच्या थंड देशांत दिवे जातील आणि तिथल्या आकाशात तांबडे-हिरवे पट्टे दिसतील. मी ते नाटकातल्यासारखं वाचलं. अण्णासुद्धा तंबाखू मळायचे थांबले.

आईनं विचारलं, "म्हंजी गिराणासारखं का गं?"

मी 'नाही' म्हणू शकले असते. बातमीत ग्रहणाचा शब्दसुद्धा नव्हता. पण सगळे माझ्याकडे बघत होते, आणि तसं माझ्याकडे फार क्वचित बघितलं जायचं, म्हणजे ओठासाठी न बघता. मी म्हटलं, "गिराण काय घेऊन बसलीस? गिराणाच्या दहापट!"

आई उठली. तिनं वहिनीच्या हातातली परात काढून घेतली, तिला दंडाला धरून मधल्या खोलीत नेलं, घोंगडी अंथरली आणि बसवलं. दोन्ही दारांना गोणपाट लावले. पाण्याच्या कळशीत, दुधात, लोणच्याच्या बरणीत तुळशीची पानं पडली. वहिनीला सांगितलं, पाय सरळ, हात मांडीवर, चिरायचं न्हाई, मोडायचं न्हाई, गाठ मारायची न्हाई, टोकाचं काय बी हातात धरायचं न्हाई. वहिनीनं विचारलं, "आन् पेन्सिल?" आई म्हणाली, "तिला टोक न्हाई व्हय?" त्या संध्याकाळी गावातली वीज गेली. आमच्याकडे वीज रोजच जायची, पण त्या दिवशी आईनं हात जोडले.

ग्रहणात बसणं आमच्या बायांना नवं नव्हतं. वेध कधी, स्पर्श कधी, मोक्ष कधी, सगळं पंचांगात छापलेलं असतं. दोन-तीन तास अंग आखडून बसायचं, सुटलं की दान मागणाऱ्यांची हाळी येते, मग अंघोळ आणि ताजा स्वयंपाक. या ग्रहणाला सुटायची वेळच नव्हती. रविवारी सकाळी आई स्वतः जोशीकाकांकडे गेली. त्यांनी पंचांग पुढून मागे, मागून पुढे चाळलं आणि सांगितलं, पंचांगात असलं काही नाही, तेव्हा पाळायचं कारण नाही. मला वाटलं, सुटलो. पण आई कच्च्या गुरूची चेली नव्हती. ती म्हणाली, "सूर्य रोजच्या वाटंनं चालला तर त्याचं पंचांगात येतं. त्यो चिडला तर त्ये कसं येनार काका?" जोशीकाकांनी पंचांग मिटून ठेवलं. खरं सांगायचं तर तिचं म्हणणं मलाही आजवर खोडता आलेलं नाही.

त्या दिवसांत वहिनीचं सगळं काम आईनं अंगावर घेतलं. पहाटे म्हशीची धार, शेण, पाणी, शेतातल्या बायांचा चहा, आणि उरलेल्या वेळात मधल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून राहणं. तिची कंबर तेव्हाच गेलेली होती, उठताना ती भिंतीला धरायची. भाकरी मोडायची म्हणजे मोडणंच, म्हणून वहिनीनं हातानं जेवायचं नाही. आई तिला भरवायची. बाजरीच्या भाकरीचा बारीक काला, त्यावर दूध नाहीतर शेंगदाण्याची आमटी, घास करून तोंडात. रविवारी तर तिनं वहिनीला आवडते म्हणून मासवड्या केल्या, बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण भरून वळल्या, आणि वड्या सुरीनं कापायच्या असतात म्हणून त्या ओसरीच्या पार टोकाला जाऊन, पाठ करून कापल्या. वहिनी लहान पोरासारखी तोंड उघडायची. माहेरी तिला आई नव्हती. ती मला नंतर म्हणाली, "मला आसं कुनी भरवलंच न्हवतं गं. रागावू तरी कुनावर?"

आणि तरी आम्ही दोघी दिवस मोजत होतो. मी बाहेरून गोणपाटाआड बसून गणितं वाचायची, ती आतून तोंडी सोडवायची. ती म्हणायची, मंदे, सूत्र सांग. मी सांगायची. थोड्या वेळानं तिचा आवाज यायचा, "हात शिवशिवत्यात गं. ल्हिल्याबिगर माझ्या डोक्यात बसत न्हाई." उन्हाचे दोन ठिपके यायचे ती पत्र्याची भोकं आईनं बोळे कोंबून बंद केली होती. दिवसासुद्धा वहिनीचा चेहरा दिसायचा नाही, फक्त बांगड्या वाजायच्या. दादाला मी म्हटलं, तू बोल ना आईशी. दादा पायातली कुसळं काढत बसला. "पोराचं हाय," तो म्हणाला. "उद्या काय झालं तर मी कुनाकडं बघू?" हे म्हणताना त्याची नजर माझ्या तोंडावर गेली आणि लगेच खाली गेली.

सोमवारी मी शाळेत जाते म्हणून निघाले आणि खोडदच्या कामावर गेले. दादा ज्यांच्या हाताखाली होता ते साहेब कुठल्या तरी लांबच्या मुलुखातले, हिंदीत बोलायचे आणि मध्येच एखादा मराठी शब्द घालायचे. मी सगळं सांगितलं. ते आधी हसले, मग माझा चेहरा बघून थांबले. खाली बसून त्यांनी काडीनं मातीत सूर्य काढला, पृथ्वी काढली आणि पृथ्वीभोवती कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या रेघा ओढल्या. "ये मॅग्नेट है बेटी. जो आता है, ये बाजू हटा देता है. ऊपर से हवा भी है. तार को होता है, रेडिओ को होता है. आदमी को नीचे कुछ नहीं होता. आई को बोलो, घाबरू नका." मी विचारलं, सुटणार कधी? ते म्हणाले, सांगता येत नाही, एक लोट काल येऊन गेला, मागून दुसरा येतो आहे, परवापर्यंत शांत होईल किंवा होणारही नाही. मी म्हटलं, साहेब, तुम्ही कागदावर वेळ लिहून द्या, मंगळवारी पहाटेची, सही करा, बास. त्यांनी काडी टाकली. "झूठ लिखूँ?" ते म्हणाले. मग म्हणाले, "मैं आके समझाता हूँ ना." पण मला समजावणं नको होतं, मला वेळ हवी होती. त्या भल्या माणसाचा मी कितीतरी वर्षं राग केला.

घरी येऊन मी आईला मॅग्नेट सांगितला, हवा सांगितली, अंगणात रेघा ओढून दाखवल्या. आईनं नीट ऐकलं. मग विचारलं, "त्यानी सुटायचा टाइम सांगितला का?" मी पायानं रेघा पुसायला लागले. "मंग? ज्याला कवा सुटंल ठावं न्हाई, त्याला कसं ठावं काय हुनार न्हाई त्ये?"

मंगळवारी उजाडताच मी तयार होऊन बसले होते. नारायणगावला आमचं केंद्र, सव्वानऊची एसटी. आई गोठ्यात होती, अण्णा आणि दादा शेतावर गेलेले. मी गोणपाट बाजूला करून आत गेले. वहिनीनं अंधारातच साडी नीटनेटकी करून, केस हातानंच सारखे करून अंबाडा घातला होता. फणीला दात असतात म्हणून फणी नाही. ती म्हणाली, "मंदे, तुझं अक्षर साहेबाच्या अक्षरागत हाय."

मला लगेच कळलं. ती पुढे म्हणाली, "चार शब्द ल्ही. पहाटं सुटलं म्हनून. आईंना काय वाचता येतंय? शिक्का नसंल तरी कागद बगून ऐकतील. मी न्हाते आन् येते. हॉल तिकीट तुझ्या दप्तरातच हाय."

मी उंबऱ्यावर बसून लिहिलं. 'सूर्याचे वादळ आज पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी संपले.' दहा मिनिटं मुद्दाम घातली, खरं वाटावं म्हणून. खाली इंग्रजीत वेडीवाकडी सही केली. कागदाची घडी केली आणि तेवढ्यात आई दुधाची चरवी घेऊन दारात उभी राहिली. "काय हाय गं हातात?"

मी वर बघितलं. आईनं माझ्याकडे बघितलं, म्हणजे आधी ओठाकडे, मग डोळ्यांकडे. ती नेहमी याच क्रमानं बघायची, तिला ते कळतही नसावं. आणि मला भीती वाटली. साहेबांचं सगळं मला पटलं होतं, त्यांच्या रेघा माझ्या डोक्यात लख्ख होत्या, उद्या कुणी विचारलं असतं तर मी फळ्यावर काढून दाखवल्या असत्या. तरी माझ्या मनात आलं, आणि असलं तर? पाच महिन्यांनी सुइणीनं ते मूल उजेडाकडे धरलं आणि मुळाशी माझ्या अक्षरातली चिठ्ठी असली तर? मला शाळेत काय म्हणायचे ते मी इथे लिहिणार नाही. मी म्हटलं, "काय न्हाई. गनिताचं हाय." कागद कंपासपेटीत टाकला आणि पेटीचं झाकण दाबलं.

आतून एकसुद्धा बांगडी वाजली नाही.

मी एकटीच गेले. बाहेरून बसणाऱ्यांचा वर्ग आमच्या शेजारी होता. पाणी प्यायला जाताना मी दारातून पाहिलं, वहिनीचा नंबर खडूनं लिहिलेला बाक भिंतीकडेला होता आणि त्यावर कोरी उत्तरपत्रिका पडली होती. थोड्या वेळानं बाईंनी ती उचलून नेली. मी माझा पेपर लिहिला. कसा लिहिला ते आठवत नाही.

बुधवारी दादा सांगत आला की साहेबांची यंत्रं शांत झाली, आणि आईनं वहिनीला डोक्यावरून न्हाऊ घातलं. श्रावणात मुलगी झाली. ओठ कसा, कळी! आईनं अख्ख्या गावाला ती दाखवली आणि म्हणाली, बसली म्हनून. ऑक्टोबरच्या परीक्षेला मूल अंगावर होतं, अण्णांची 'शेवटची बारी' झालेली होती, आणि बालवाडीत जूनपासून वरच्या आळीतली बाई लागलीसुद्धा होती. मध्यंतरी पुन्हा मोठं सूर्यवादळ झालं, तेव्हा त्याच भाचीनं मला मोबाइलवर लडाखच्या लालभडक आकाशाचा फोटो पाठवला, 'आत्या, किती सुंदर ना!' मी अंगठा पाठवला. वहिनीला दाखवला का, असं विचारायचं होतं, ते लिहिलं आणि पुसलं.

पण मला सांगायची आहे ती त्या मंगळवारची दुपार. मी चारच्या सुमाराला घरी आले. आई पुढच्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपली होती, हाताला कांद्याची माती तशीच. मी आत गेले. वहिनी सकाळच्याच जागी होती. ती म्हणाली, "पेपर वाच."

दार थोडं उघडं ठेवून मी तिथल्या उजेडात वाचायला लागले. दोन लगतच्या संख्यांचा गुणाकार एकशे बत्तीस. "अकरा आन् बारा," ती म्हणाली. तेरा फुटी शिडी भिंतीवर बारा फूट उंचीला टेकली, तर भिंतीपासून किती लांब? "पाच." खांबाची सावली खांबाच्या उंचीइतकी पडली, तर सूर्य किती अंशांवर? तिनं थोडा विचार केला. "पंचेचाळीस." अशी ती एकेक सांगत गेली, कुठे अडली तर गप्प बसून, डोळे मिटून, आतल्या आत मांडणी करून. दोन गणितं तिनं सोडली. दोन्ही हात मांडीवर पालथे होते, बोटं तेवढी किंचित हलत होती. एका समीकरणात मी चिन्ह चुकवून आले होते, ते मला तिचं उत्तर ऐकून कळलं.

"किती पडतील?" तिनं विचारलं.

"माझ्यापरीस जास्त," मी म्हटलं.

कोपऱ्यात सकाळची भाकरी झाकून ठेवलेली होती. तिनं सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं, आईनं दोनदा घास पुढे केला तरी तोंड उघडलं नव्हतं, हे मला नंतर समजलं. "भूक लागली," ती म्हणाली. मी झाकण काढलं, हात धुतले, भाकरी बारीक मोडली, दुधात कालवली आणि घास करून तिच्या तोंडाशी नेला. तिनं मान बाजूला केली.

"तुझ्या हातचं नको," ती म्हणाली. "आईंना उठीव."